आक्काला न कळणारा खुनी

मामांना ऑफिसात सगळे 'मोजपट्टी' म्हणायचे, तेही तोंडावर. मामांना त्याचा राग यायचा नाही, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून झाली. त्यांनी टाइप केलेल्या कागदाची डावी कड सरळ असायची, त्यात काय, ती कुणाचीही असते. पण मामांची उजवी कडही सरळ! टाइपरायटरवर उजवी कड सरळ आणायची म्हणजे काय चेष्टा वाटली? ओळ संपत आली की घंटी वाजते, आणि शब्द बसवायचा, तोडायचा की मधल्या फटी सैल करून भागवायचं, हे ती घंटी विरायच्या आत ठरवावं लागतं. मामा ते ठरवायचे. कागदात लिहिलंय काय, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. कुणाची बढती असो की कुणाची बडतर्फी, मामांच्या हातून दोन्ही कागद सारखेच देखणे निघायचे.

या देखणेपणापायी एकदा लग्नसुद्धा हुकलं. चांगलं स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी मुलीची माहिती टाइप करून पाठवली होती, आणि त्या कागदाचा समास जरा वाकडा होता. मामांनी काय करावं? ती माहिती नीट समास सोडून पुन्हा टाइप केली आणि त्यांची त्यांना परत पाठवली. चांगल्या मनाने हो! पण तिकडून पुन्हा कधी उत्तर आलं नाही. आक्काने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "छोट्या, तू आता त्या मशीनशीच संसार कर." तेव्हापासून मामा आक्काच्या घरी वरच्या खोलीत राहतात. निवृत्त झाले, केस पिकले, गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना मामा म्हणायला लागली, पण आक्काच्या लेखी ते अजून छोट्याच.

आक्का म्हणजे मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा वेण्या घालायच्या वयात आक्काने छोट्याला अंगाखांद्यावर घेतलं, ते काही खाली ठेवलंच नाही. तिला आयुष्यात नाद एकच, रहस्यकथांचा. लायब्ररीतून पुस्तक आणायचं, कव्हरापासून सुरुवात करायची, प्रकाशकाचा पत्तासुद्धा सोडायचा नाही, आणि खुनी कोण ते वासावरून ओळखायचं. वाचून झालं की पुस्तक मामांच्या हातात ठेवायचं. इथपर्यंत ठीक आहे. पण ठेवता ठेवता म्हणायचं, "चुलतभावाने केलाय. मला पहिल्या जेवणाच्या वेळीच कळलं होतं. घे, वाच."

आता मला सांगा, वाचणार काय, कप्पाळ? जन्मभर मामांनी एकही रहस्यकथा खुनी माहीत नसताना वाचलेली नाही. दुसरा कुणी भाऊ असता तर त्याने अबोला धरला असता. मामांनी राग मनात ठेवला आणि निवृत्तीनंतर बाहेर काढला. त्यांनी ठरवलं, आपणच रहस्यकथा लिहायची. अशी लिहायची, की शेवटचं पान उलटेपर्यंत आक्काला खुनी कळता कामा नये. बस्स. पैसा नको, नाव नको, आक्काच्या तोंडून फक्त एकदा "हरले बाई" एवढं ऐकायचं होतं.

वरच्या खोलीत भाचीने, म्हणजे आक्काच्या मुलीने, जुना कॉम्प्युटर बसवून दिला आणि मामा कामाला लागले. वर्षं गेली. पुस्तकाचं नाव 'कुलपाला दोन किल्ल्या'. लिहून केव्हाच झालं होतं, पण मामा एक ओळ इकडची तिकडे करायचे, की पुढची सगळी पानं हलायची, की पुन्हा पहिल्यापासून कडा सरळ करत बसायचे. आक्का खालून ओरडायची, "मेला की नाही रे अजून तो माणूस?" मामा वरून म्हणायचे, "घाई करू नकोस!"

आणि मग आक्काच्याच डोळ्यांनी घाई केली. आधी ती म्हणायला लागली, हल्ली छपाई फार वाईट करतात. मग म्हणाली, दिवे मंद झालेत. शेवटी भाचीने धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजत चाललाय. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. मोठी अक्षरं अजून दिसतील. किती दिवस दिसतील, ते सांगता येत नाही. आक्का घरी आली आणि लायब्ररीचं कार्ड कपाटात ठेवून दिलं. जी बाई मिठाची पिशवीसुद्धा वाचल्याशिवाय उघडत नसे, ती नुसती खिडकीत बसून राहायला लागली. मामांनी ज्या एका वाचकासाठी एवढी वर्षं घालवली, त्या वाचकाचे डोळेच जायला निघाले होते.

मामांनी सगळं पुस्तक टपोऱ्या अक्षरांत छापून काढलं. गठ्ठा इतका झाला, की तो मांडीवर ठेवून आक्काच्या पायाला मुंग्या आल्या, आणि अक्षरं तरीही तिला बारीकच वाटली. भाची म्हणाली, "आई, मी वाचून दाखवते." आक्का म्हणाली, "काही नको. खुनी खोलीत आला की तुझा आवाज बदलतो. त्यात काय मजा?"

या भाचीचा धंदा ऐका. लोकांनी कॉम्प्युटरवर लिहिलेली पुस्तकं घ्यायची आणि त्यांची ई-पुस्तकं करून द्यायची, जी फोनवर, टॅब्लेटवर वाचता येतात. घरातच जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस. ती म्हणाली, "मामा, माझ्याकडे दे फाइल. टॅब्लेटवर आईला हवं तेवढं अक्षर मोठं करता येईल. एका पडद्यावर चार शब्द म्हटलं तरी चार."

मामांनी फाइल दिली, पण अट घातली. "वाचायचं नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही. आक्का तुझं तोंड बघूनच ओळखेल. फक्त मांडणी कर. मजकूर वाचायचा नाही."

"अरे मामा, न वाचता पुस्तक कसं करू?"

"मी जन्मभर तेच केलं," मामा म्हणाले. "जमतं. शब्दांकडे बघायचं, अर्थाकडे नाही."

भाचीने शपथ घेतली आणि फाइल उघडली. एरवी लपलेल्या खुणा दाखवणारं एक बटण असतं, ते तिने दाबलं, आणि 'अगं बाई' म्हणून खुर्चीत मागे टेकली. साखरेला मुंग्या लागाव्यात तसे पडद्यावर ठिपके, एक स्पेस म्हणजे एक ठिपका. शीर्षक मधोमध आणायला मामांनी स्पेसबार बडवला होता. परिच्छेदाची सुरुवात, पुन्हा स्पेसबार. नवीन प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर, एंटर, एंटर. आणि सगळ्यांत कडी म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर! कॉम्प्युटरला घंटी नसते, तर मामांनी स्वतःच मनात घंटी वाजवली होती आणि ओळ हाताने खाली आणली होती. पानाच्या तळाशी पानाचा आकडासुद्धा हातानेच टाइप केलेला.

हे सगळं टॅब्लेटवर घालून अक्षर मोठं केलं, तेव्हा जो काही गोंधळ झाला, तो विचारू नका. एक ओळ लांब, पुढची एका शब्दाची, पुन्हा एक लांब, पुन्हा अर्ध्या शब्दाची. आणि पानांचे आकडे बिचारे घर चुकल्यासारखे भलतीकडेच उभे. भाचीने मामांना बोलावलं. मामा चष्मा सावरून मोठ्याने वाचायला लागले.

"'इन्स्पेक्टरने दार ढकललं. आत पलंगावर सत्तेचाळीस...' सत्तेचाळीस काय?"

"पान सत्तेचाळीस, मामा. तूच टाइप केलंयस."

"'तिने थरथरत्या हाताने पिस्तूल काढलं आणि अठ्ठावन्न गोळी झाड', मग ही एवढी मोकळी जागा, आणि खाली एकटंच 'ली'?" मामांचा आवाज चढला. "माझ्या पानांचं पीठ केलंस तू! सरळ होती गं सगळी. एकूण एक सरळ होती!"

"कागदावर सरळ होती. इथे पान नसतंच, मामा."

"पुस्तकाला पान नाही?"

"नाही. अक्षर मोठं केलं की मजकूर पुढे सरकतो, लहान केलं की मागे येतो. ओळ कुठे संपवायची ते तू ठरवायचं नाही."

"मग कोण ठरवणार? हे यंत्र?"

"आईचे डोळे," भाची म्हणाली.

खिडकीत बसलेल्या आक्काकडे मामांनी एकदा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काढ सगळे. पण माझ्यादेखत काढ."

त्यांना वाटलं होतं, एकेक एंटर काढायला महिना जाईल, निदान तेवढा मान तरी राहील. भाचीने शोधायची खिडकी उघडली, त्यात काहीतरी भरलं, एक बटण दाबलं आणि वर्षांची मेहनत डोळ्यांची पापणी लवायच्या आत गेली. पहिल्या फेरीत तर परिच्छेदही गेले. अख्खं पुस्तक एकच परिच्छेद झालं, खून, तपास, शोकसभा सगळं एका दमात. मामांनी डोकं धरलं. भाचीने पाऊल मागे घेतलं आणि परिच्छेदाच्या आधी मामांनी ठोकलेल्या स्पेसचाच माग काढून परिच्छेद शोधले. मामांना तेवढ्यात जरा बरं वाटलं, आपला स्पेसबार अगदीच वाया गेला नाही म्हणून. मग आकडे उपटले, तुटलेले शब्द जोडले. भाची मान दुसरीकडे करून काम करायची, चुकून एखादं वाक्य वाचलं गेलं की "नाही वाचलं, नाही वाचलं" म्हणायची. शेवटी तिने प्रकरणांच्या नावांवर शीर्षकाची खूण केली आणि म्हणाली, "एवढं केलं की बाकीचं आपोआप होतं." बाकीचं म्हणजे काय, ते मामांनी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

सकाळी आक्काला उजेडात बसवलं, टॅब्लेट हातात दिला, अक्षर तिला हवं तेवढं मोठं केलं. मामा खुर्चीमागे उभे राहिले, हात मागे बांधून. आधी कव्हर. "अगंबाई, छोट्याचं नाव!" आक्का म्हणाली आणि ते नाव तिने बराच वेळ पाहिलं. मामांना भरून आलं. मग तिने बोटाने पान सरकवलं आणि पडद्यावर टपोऱ्या अक्षरांत आलं: अनुक्रमणिका.

मामांनी अनुक्रमणिका केलेलीच नव्हती! मुद्दाम केली नव्हती. प्रकरणांना नावं दिली होती फार झोकात, पण ज्याने त्याने ती आपापल्या प्रकरणावर गेल्यावर वाचायची होती. आणि हे 'आपोआप' काय झालं, तर पुस्तकाने स्वतःच सगळी नावं गोळा करून पहिल्याच पानावर मांडून ठेवली.

"'बंगल्यातला आवाज'," आक्का वाचायला लागली. "'घड्याळ कुणी थांबवलं?' वा! 'डॉक्टर खोटं बोलतात'. बरं बरं."

"आक्का, हे राहू दे," मामा घाईघाईने म्हणाले. "हे काही कामाचं नाही. एकदम पहिल्या प्रकरणावर जा."

"मी पुस्तक कव्हरापासून वाचते. तुला काय आज कळलं?" असं म्हणून तिने पान सरकवलं, पुन्हा सरकवलं. शेवटच्या पडद्यावर नाव एकच उरलं होतं, आणि ते मामांच्या आयुष्यातलं सर्वांत झोकदार नाव होतं: 'माळ्याचा कबुलीजबाब'.

आक्काने ते मोठ्याने वाचलं नाही. जरा थांबली आणि पान सरकवलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मामा स्वयंपाकघरात गेले आणि भाचीला फैलावर घेतलं, तेही कुजबुजत, कारण बाहेर ऐकू जायला नको. "घात केलास! पहिल्याच पानावर खुनी दिला तिच्या हातात!"

"कोण खुनी?"

"माळी!"

"माळी खुनी आहे?" भाचीने तोंडावर हात ठेवला. "मला काय माहीत, मामा? तूच म्हणालास, वाचू नकोस! शब्दांकडे बघ, अर्थाकडे बघू नकोस!"

भाचीने तासाभरात अनुक्रमणिकेत नुसतं 'प्रकरण पहिलं, प्रकरण दुसरं' केलेली नवी फाइल तयार केली, पण आक्का टॅब्लेट हातचा सोडेना. "माझी जागा हरवेल," म्हणाली. बरं, तिने ते शेवटचं नाव नीट वाचलं की नाही, हेही विचारायची सोय नव्हती. विचारलं की लगेच तिला कळणार, त्यात काहीतरी आहे. मामांची अवस्था दाराच्या फटीत बोट अडकल्यासारखी झाली, ओरडता येईना आणि काढताही येईना.

आक्का वाचत राहिली. थोडं वाचायची, डोळे मिटून बसायची, औषधाचे थेंब घालून घ्यायची, पुन्हा वाचायची. चहाला आली की मामा चेहरा शक्य तेवढा सरळ ठेवून विचारायचे, "काय, कोण वाटतंय?" आक्का म्हणायची, "वाचू दे." आजवर कधी असं झालं नव्हतं! पहिल्या जेवणाला खुनी ताटात वाढणारी बाई, आणि आता अळीमिळी गुपचिळी. मामांनी ताडलं, कळलंय तिला. कळलंय, पण वाईट वाटू नये म्हणून दया दाखवते आहे. आणि आक्काची दया! त्यापेक्षा तिने लायब्ररीत उभं राहून खुन्याचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. मामांचं जेवणावरचं मन उडालं. गल्लीत कुणी "काय मामा, पुस्तक झालं म्हणे?" विचारलं की ते रस्ता बदलायचे.

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी आक्काची हाक आली. "छोट्या!"

मामा जिन्यावरून उतरले ते कठडा धरून. आक्काच्या मांडीवर टॅब्लेट पालथा होता आणि डोळे लाल झाले होते.

"माळी," आक्का म्हणाली. "अनुक्रमणिकेतच कळलं मला. तुझ्या पुस्तकाने स्वतःच चुगली केली."

मामा समोरच्या खुर्चीत बसले. "माहीत आहे," ते म्हणाले. "मी मागेच उभा होतो. मग एवढं कशाला वाचलंस? डोळ्यांना त्रास."

"आधी म्हटलं, छोट्याचं आहे, चार पानं वाचावी आणि छान आहे म्हणून ठेवावं. मनात म्हटलं, एवढी वर्षं खपला, आणि हा गाढव पहिल्याच पानावर सांगून बसला." आक्काने नाक पुसलं. "मग तो माळी आला. ते गुलाबाच्या मुळाशी गवत अंथरणं, मालकाच्या पोरीला फाटकापाशी झोका देणं. आणि मला मेलीला माहीत, की हा खून करणार आहे. दर पानाला मी म्हणत होते, नको रे बाबा करू, तसाच निघून जा, बस पकड आणि गावाला जा. आणि तो काही ऐकेना. शेवटी त्याने इन्स्पेक्टरला पाणी विचारलं ना, हातात बेड्या असताना... छोट्या, रडले रे मी. जन्मभर खुनी शोधले, पण एकासाठीही कधी रडले नाही."

मामांना हरलो की जिंकलो तेच कळेना. लिहिताना त्या माळ्याबद्दल आपल्याला काही वाटलं होतं, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. तेव्हा ते कडा सरळ करण्यात गुंतले होते.

"डॉक्टरांना सांग," आक्का म्हणाली, "थेंब नकोत म्हणावं, डोळे ओले ठेवायला आमचा छोट्या आहे." आणि हसली. मग हसू ओसरलं. "दुसरं लिही. आणि या वेळी कडा सरळ करत बसू नकोस. काल अक्षर आणखी एक घर मोठं करून घेतलं मी. पडद्यावर आता फार मावत नाही."

मामांनी मनातल्या मनात हिशेब केला, एका पुस्तकाला वर्षं किती आणि आक्काच्या डोळ्यांचे दिवस किती, आणि तो कुठल्याच बाजूने बसेना. मग ते पुढे सरकले, आक्काचा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आक्का, माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. असं करू या का, खुनी कोण ते मी तुला आजच सांगून ठेवतो. म्हणजे समज, मध्येच जर..."

आक्काने हात हिसडून घेतला.

"खबरदार एक शब्द बोललास तर! तू वर जा आणि लिहायला बस. डोळ्यांना थांबायला मी सांगते."